‘प्रत्यर्पणा’त शिरलेला उपरा ‘आ’

धरमपेठेतील एका वाचकाने विचारले आहे की, ‘भारताने तहव्वूर राणाचे प्रत्यार्पण केले’ हे वाक्य बरोबर आहे काय, आणि प्रत्यार्पण व हद्दपारी हे शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात काय. प्रश्न चांगला आहे. परंतु त्यातील मुख्य शब्द दोन्ही ठिकाणी चुकला असल्यामुळे आधी त्याचा निकाल लावणे भाग आहे. एप्रिल 2025 मध्ये मुंबईवरील 26/11 च्या हल्ल्यातील आरोपी राणाला अमेरिकेतून दिल्लीला आणले गेले, तेव्हापासून हे ‘प्रत्यार्पण’ बातम्यांतून कानावर इतके आदळते आहे की शुद्ध रूप लिहिणाऱ्यालाच आता लोक दुरुस्ती सुचवू लागले आहेत.

शब्द ‘प्रत्यर्पण’ असा आहे, आणि एका देशाने आपल्याकडील आरोपी मागणाऱ्या दुसऱ्या देशाला कायद्याने सोपवणे, हा त्याचा अर्थ. ‘प्रति’ आणि ‘अर्पण’ यांचा संधी होताना ‘इ’चा ‘य्’ होतो आणि पुढचा ‘अ’ जसाच्या तसा राहतो. ‘अत्यंत’ आणि ‘प्रत्यक्ष’ हे शब्द याच नियमाने झाले आहेत, आणि ‘अत्यांत’ किंवा ‘प्रत्याक्ष’ असे कोणी लिहीत नाही. ‘प्रत्यारोप’ आणि ‘प्रत्यारोपण’ यांत दीर्घ ‘आ’ आहे, कारण तो ‘आरोप’ आणि ‘आरोपण’ या मूळ शब्दांतच आहे. ‘आर्पण’ नावाचा शब्द मात्र ना संस्कृतात आहे ना मराठीत.

मग हा ‘आ’ शिरला कुठून? माझे मत असे की त्याला ‘लोकार्पण’ जबाबदार आहे. पूर्वी ‘कृष्णार्पण’ तेवढे कानावर पडत असे. आता उड्डाणपूल असो, बगिचा असो की मेट्रोची मार्गिका, आमच्या नागपुरात प्रत्येक वस्तूचे लोकार्पणच होते. उद्‌घाटन या शब्दाला जणू सेवानिवृत्ती मिळाली आहे. ‘लोक’ आणि ‘अर्पण’ यांच्या संधीत दोन अकार मिळून रीतसर ‘आ’ होतो. परंतु फलकांवर तो सतत दिसल्याने कानाला ‘आर्पण’ हाच मूळ शब्द वाटू लागतो आणि तो ‘प्रति’ला चिकटवला जातो. काही भाषाप्रेमी मंडळी हा दोष हिंदीच्या माथी मारतात, जे निखालस चूक आहे, कारण 1962 च्या आपल्या कायद्याचे हिंदी नाव ‘प्रत्यर्पण अधिनियम’ असेच आहे. चूक आपली आहे. तिचे खापर शेजाऱ्यावर फोडू नये.

आता खऱ्या गमतीकडे येतो. ‘अर्पण’ म्हटले की आपल्याला फुले, नैवेद्य आणि पुस्तकाचे अर्पणपत्रिकेचे पान आठवते; परंतु हा शब्द ‘ऋ’ या धातूपासून आला आहे आणि त्या धातूचा अर्थ ‘जाणे’ असा आहे. त्याचे प्रयोजक रूप करताना पाणिनीने मध्ये ‘प्’ घालायला सांगितला, आणि ‘स्थापना’ व ‘ज्ञापन’ यांत दिसतो तसाच ‘प्’ येथेही येऊन ‘अर्पण’ सिद्ध झाले. म्हणजे अर्पण करणे याचा मूळ अर्थ ‘जायला लावणे’ असा होतो. ज्या मनुष्याला मुळीच जायचे नाही, जो वर्षानुवर्षे परदेशी न्यायालयांत अपिलांवर अपिले करीत राहतो, त्याला शेवटी जायला लावणे, या क्रियेसाठी यापेक्षा नेमका धातू शोधून सापडणार नाही.

हा शब्द सरकारी अनुवादकांनी अलीकडे घडवला, असे ठामपणे सांगणारे एक अभ्यासक मला ठाऊक आहेत. त्यांनी कालिदासाच्या ‘शाकुंतला’चा चौथा अंक पुन्हा वाचावा. शकुंतलेला सासरी पाठवल्यावर कण्व म्हणतात की माझा अंतरात्मा ‘प्रत्यर्पितन्यास’ झाल्यासारखा, म्हणजे कोणाची ठेव ज्याची त्याला परत केल्यासारखा, निवांत झाला आहे. (वृत्तावरून ऱ्हस्व-दीर्घाचा निर्णय येथे होत नाही, कारण पुढे जोडाक्षर असल्याने ते अक्षर दोन्ही प्रकारे गुरूच राहते, निर्णय व्याकरणावरूनच करायचा.) येथून तासाभराच्या अंतरावर रामटेकला याच कवीच्या नावाचे संस्कृत विश्वविद्यालय आहे, आणि ते स्थापन झाले त्याच 1997 साली भारत व अमेरिका यांच्यातील प्रत्यर्पणाचा करार झाला, हा योगायोग मी तरी सोडणार नाही.

याच श्लोकात एका जुन्या आक्षेपाचे उत्तरही आहे. आक्षेप असा की ‘प्रति’ म्हणजे ‘परत’. राणा हा मूळचा पाकिस्तानी आणि नागरिकत्वाने कॅनडाचा, तो भारताचा कधी नव्हताच, मग त्याला ‘परत’ देणार कसे? म्हणून ‘हस्तांतरण’ म्हणावे, अशी सूचना केली जाते. जमिनीचे आणि सत्तेचे हस्तांतरण होते, आरोपीचे नव्हे, हे तूर्त बाजूला ठेवू. शकुंतला तरी दुष्यंताच्या घरी आधी कुठे राहिली होती? तिने ते घर पाहिलेही नव्हते, तरी कालिदास तिला प्रत्यर्पित म्हणतो, कारण ‘प्रति’मध्ये पूर्वीचा मुक्काम पाहिला जात नाही, हक्क कोणाचा आहे ते पाहिले जाते. (कन्येला ठेव म्हणणे आज कोणाला रुचणार नाही, मलाही रुचत नाही, प्रश्न शब्दाच्या अर्थाचा आहे.) गुन्हा मुंबईत घडला, म्हणून त्याचा न्याय करण्याचा हक्क भारताचा, आरोपी शिकागोत असला तरी त्या हक्काच्या दृष्टीने तो दुसऱ्याकडे असलेला न्यास ठरतो.

न्यासाला अटीही असतात, आणि येथे कायदा कालिदासाच्या फार जवळ येतो. ज्या गुन्ह्यासाठी आरोपी मागून घेतला, सामान्यतः त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवायचा, हे तत्त्व आपल्या 1962 च्या कायद्यातही आहे. पोर्तुगालने नोव्हेंबर 2005 मध्ये 1993 च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील आरोपी अबू सालेमला भारताकडे दिले ते त्याला फाशी होणार नाही आणि 25 वर्षांहून अधिक कैद होणार नाही, अशी हमी घेऊनच. आणि सरकारने ती हमी पाळली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट सांगितले. ठेव अटींसह घेतली असेल तर अटी विसरता येत नाहीत.

यावरून ‘हवाली करणे’ आणि ‘प्रत्यर्पण’ यांतील फरकही कळतो, जो बातमीदार सर्रास पुसून टाकतात. 8 जुलै 1910 रोजी सावरकर मार्सेलिसच्या बंदरात बोटीतून निसटून किनाऱ्याला लागले, तेव्हा एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडले आणि बोटीवरील इंग्रज पहाऱ्याकडे काही मिनिटांत सोपवून दिले. अर्ज नाही, आदेश नाही, न्यायाधीश नाही. हे हवाली करणे झाले. तो शिपाई फ्रेंच पोलीस दलात साधारण आपल्या हवालदाराच्या दर्जाचा होता, आणि ‘हवाली’, ‘हवाला’ व ‘हवालदार’ हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे असल्यामुळे हवालदाराने हवाली केले, हे वाक्य माझ्या विशेष आवडीचे आहे. पुढे फ्रान्सने सावरकरांना परत मागितले आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. त्या बोटीवर कोण आहे हे इंग्रज पोलिसांनी फ्रेंच पोलिसांना आधीच कळवले होते आणि दोन्ही सरकारांत बंदोबस्ताचे सहकार्य ठरलेले होते, यावर लवादाने भर दिला. सोपवण्यात अनियमितता झाली हे मान्य केले, आणि तरीही ब्रिटनवर परत देण्याचे बंधन नाही, असा निर्णय फेब्रुवारी 1911 मध्ये दिला. पोलिसांचे आपसातले सहकार्य एवढ्या जलद चालते आणि प्रत्यर्पण एवढे रखडते, त्याचे कारण दुसऱ्यात न्यायालय मध्ये उभे असते.

करार असला म्हणजे माणूस मिळतोच, असेही समजू नये. सीताबर्डीच्या 1817 च्या लढाईनंतर पदच्युत झालेले आमचे अप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या कैदेतून निसटले आणि फिरत फिरत अखेर जोधपूरला पोहोचले. जोधपूरने 1818 मध्येच कंपनीशी तह केलेला होता. तरी इंग्रजांनी मागणी केल्यावर राजा मानसिंहाने शरण आलेल्याला देण्याचे नाकारले, आणि अप्पासाहेब 1840 मध्ये तिथेच वारले.

वाचकाच्या वाक्याबद्दल सांगायचे राहिले. प्रत्यर्पण देणारा करतो, घेणारा नव्हे. म्हणून ‘अमेरिकेने राणाचे भारताकडे प्रत्यर्पण केले’ किंवा ‘भारताने प्रत्यर्पण करवून घेतले’ असे लिहावे. हद्दपारी वेगळी. तीत मागणाऱ्याचा हक्क तपासला जात नाही. नको असलेला परका आपल्या हद्दीबाहेर काढला की काम संपते. मुंबईतील टोळीप्रमुख छोटा राजनला 2015 मध्ये बालीहून आणले ते इंडोनेशियाने हद्दपार केल्यामुळे, तरी कित्येकांनी त्यालाही प्रत्यर्पण म्हटले. आणि पोलीस एखाद्या गुंडाला शहराबाहेर किंवा जिल्ह्याबाहेर काढतात ती तडीपारी. तिच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाला तसदी देण्याचे कारण नाही.