एअर रायफलसाठी पॉलिसीवर लोन काढताय? आधी ती पॉलिसी नीट वाचा

मोशीहून एकांनी मोठं पत्र पाठवलंय, नाव देत नाही. वय ४१, चाकणच्या कंपनीत मेंटेनन्सला, बायको घर सांभाळते, मुलगी १२ ची, मुलगा ६ चा. पॅरिस ऑलिंपिक बघून बापलेकीला शूटिंगची आवड लागली, गेले काही महिने दोघं घराजवळच्या रेंजवर जातात आणि क्लबच्या रायफलवर १० मीटर मारतात. आता स्वतःची रायफल घ्यायचीय, इंपोर्टेड पीसीपी, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा भरून चालणारी मॅच रायफल. दुकानदाराने २ लाख ४० हजार सांगितलेत, आणि क्लबमधल्या एका सिनिअर शूटरची वापरलेली दीड लाखाला मिळतेय. प्रश्न असा की नवी घेऊ का जुनी, आणि पैसे पॉलिसीवर लोन काढून उभे करू का पर्सनल लोन घेऊ? "पॉलिसीत ३ लाख जमा आहेतच, मग तेच स्वस्त पडेल ना?"

दादा, रायफलचं मी सांगतो, पण नंतर. तुमच्या त्या शेवटच्या वाक्यावर आधी बोलू, कारण पॉलिसीत ३ लाख जमा नाहीयेत.

तुम्ही पॉलिसीचं पान फोटो काढून पाठवलंत ते बरं केलंत. फेब्रुवारी २०२३ मध्ये बँकेच्या रिलेशनशिप मॅनेजरने दिलेली, वर्षाला १ लाख, १० वर्षं भरायचे, २० वर्षांनी २० लाख, विमा कव्हर १० लाख. तुम्ही लिहिलंय की "एफडीसारखीच आहे, फक्त दुप्पट गॅरंटीड आणि टॅक्स पण वाचतो" असं त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलं होतं. तीन हप्ते भरून झाले, चौथा येत्या फेब्रुवारीत.

एफडी मोडली की मुद्दल परत येतं, वर थोडं व्याज कापतात बस. इथे तसं नाही. अशी जुन्या पद्धतीची पॉलिसी तिसऱ्या वर्षात बंद केली तर नियमाने हमी असते ती भरलेल्या पैशाच्या ३५ टक्क्यांची. कंपनी कधीकधी त्याहून जास्त देते पण हमी तेवढीच, म्हणजे ३ लाखाचे १ लाख ५ हजार. लोन मिळतं ते या सरेंडर व्हॅल्यूच्या, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर हातात येणाऱ्या रकमेच्या, ८०-९० टक्के, म्हणजे ८५ ते ९५ हजार, आणि त्यावर ९-१० टक्के व्याज. नवी रायफल सोडाच, सिनिअरची जुनी पण त्यात येत नाही. तुम्ही तीन वर्षं समजत होता की अडीनडीला ३ लाख बाजूला आहेत, आणि ते नव्हते. रायफलचा विषय निघाला म्हणून हे आत्ता कळलं, नाहीतर घरात कोणी आजारी पडल्यावर कळलं असतं.

आता ते दुप्पट. १० हप्ते भरणार, पहिला हप्ता २० वर्षं राहतो, शेवटचा ११ वर्षं, सरासरी साडेपंधरा वर्षं. साडेपंधरा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला साडेचार टक्के, त्याच्या वर नाही. हेच १० हप्ते पीपीएफमध्ये टाकून खातं वाढवत २० वर्षं ठेवलं असतं तर सध्याच्या ७.१ टक्क्याने २९ लाखाच्या पुढे गेले असते. २० आणि २९. आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो ते सांगतो, २०२३ च्या फेब्रुवारीत तुमची मुलगी ९ वर्षांची होती, तेव्हा तिच्या नावाने सुकन्या समृद्धी उघडता आलं असतं. सध्या तिथे ८.२ टक्के मिळतात आणि ते खातं बँकेतच उघडतात. "मुलीसाठी काहीतरी सांगा" म्हणून तुम्ही गेला होतात, तर त्या माणसाने समोरचं सरकारी खातं सांगायचं सोडून ही पॉलिसी हातात दिली. आता मुलीला १० पूर्ण झाली, खातं उघडता येत नाही.

टॅक्सचं पण बघा. तुमचं वर्षाचं पॅकेज साडेअकरा लाख. २०२५-२६ पासून नवीन पद्धतीत पगारदाराला १२ लाख ७५ हजारापर्यंत टॅक्सच नाही. मग ही पॉलिसी वाचवतेय काय? काहीच नाही.

पण रिटर्न कमी मिळणं ही पण खरी चूक नाहीये. साडेचार टक्क्याने कोणाचं घर बुडत नाही. घर बुडेल ते या १० लाखाच्या कव्हरमुळे. तुमच्यावर होमलोन अजून ३४ लाख आहे, कमावणारे तुम्ही एकटे, टर्म इन्शुरन्स (फक्त मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा) नाही, कारण "विमा आहे की" असं डोक्यात बसलंय. उद्या तुम्हाला काही झालं तर वहिनींच्या हातात पॉलिसीचे १० लाख आणि पीएफच्या ईडीएलआयमधून, म्हणजे पीएफबरोबर येणाऱ्या विम्यातून, जास्तीत जास्त ७ लाख. सगळे बँकेत भरले तरी कर्ज अर्धंच फिटतं, वर ३१ हजाराचा हप्ता आणि दोन मुलांच्या शाळा. तुम्ही पत्रात रायफलचं वजन, ट्रिगर, कंपनी सगळं चार परिच्छेद लिहिलंय आणि हे एका ओळीत, "विमा - आहे". मला तिथेच थांबावं लागलं.

किती कव्हर पाहिजे त्याला फार डोकं लागत नाही. दीड कोटी धरा. ३४ लाख कर्ज फिटलं, राहिले १ कोटी १६ लाख, त्यावर ७ टक्क्याने वर्षाला ८ लाख. तुमचा घरखर्च ४० हजार महिना म्हणजे वर्षाला ५ लाखाच्या आत, उरलेले महागाईला आणि शिक्षणाला. ४१ व्या वर्षी, सिगरेट ओढत नाही, ६० पर्यंतची साधी टर्म, पैसे परत देणारी वगैरे नको, वर्षाला २५-३० हजारात बसते. वैयक्तिक विम्यावरचा जीएसटी पण सप्टेंबर २०२५ पासून गेलाय. घेताना एमडब्ल्यूपी कायद्याखाली घ्या, म्हणजे विवाहित महिला मालमत्ता कायदा १८७४, फॉर्ममध्ये फक्त टिक करायची असते, मग ते पैसे बायको-मुलांचेच राहतात, कर्जवाल्याला त्याच्यावर हात टाकता येत नाही. फॉर्ममध्ये छंद विचारला तर रेंजवर शूटिंग करतो असं स्पष्ट लिहा, लपवू नका. कंपनीचा ५ लाखाचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, त्यामुळे स्वतःचा घ्यायचाय, पण पहिला नंबर टर्मचा.

मग या पॉलिसीचं काय करायचं? सगळे म्हणतील सरेंडर करून मोकळे व्हा. थांबा. हप्ता न भरता ती पेड-अप करता येते, म्हणजे कव्हर आणि शेवटची रक्कम दोन्ही कमी होतात पण पॉलिसी चालू राहते. सरळ हिशोबाने १० पैकी ३ हप्ते भरले म्हणजे २० लाखाचे ६ लाख. आज १ लाख ५ हजार घेऊन बाहेर पडायचं का १७ वर्षांनी ६ लाख? हा दर वर्षाला साडेदहा टक्क्याच्या वर जातो, म्हणजे पेड-अप फायद्याचं. आणि पुढचे सात हप्ते भरायचे का? ७ लाख भरून जास्तीचे १४ लाख, सरासरी १४ वर्षांनी, म्हणजे ५ टक्के. त्याच्यासाठी वर्षाला लाख रुपये अडकवण्यात अर्थ नाही. फक्त एक अडचण आहे, पुष्कळ पॉलिसींमध्ये पेड-अप केल्यावर वाढीव रकमा कापतात आणि ६ च्या जागी कमी मिळतात. तो आकडा कंपनीकडून लेखी घ्यायचा, त्या मॅनेजरकडून तोंडी नाही. त्याचा तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज जपून ठेवा, एफडी म्हणून विकली अशी तक्रार आधी विमा कंपनीकडे लेखी टाका, दाद मिळाली नाही तर पुण्यात विमा लोकपालाचं ऑफिस आहे. तीन वर्षांनी पैसे परत मिळतील अशी आशा धरून बसू नका, पण तक्रार टाकायला पैसे लागत नाहीत.

आता शूटिंग. आधी महिन्याचा हिशोब. हातात ८८, हप्ता ३१, घर ४०, राहिले १७ हजार. पॉलिसीचे महिन्याला सव्वाआठ. राहिले पावणेनऊ. रेंज आणि कोच दोघांचे ६ हजार तुम्हीच लिहिलेत. पेलेट्स म्हणजे छर्रे बघा, सायटिंगचे, म्हणजे सुरुवातीला नेम जुळवायचे, धरून एका दिवसाला ८० मारले, आठवड्यात तीन दिवस, महिन्याला हजारभर म्हणजे ५०० चे दोन डबे, मॅच पेलेटचा डबा तुमच्याकडे हजाराच्या आसपास पडतो, दोघांचे ४ हजार. झाले १० हजार. म्हणजे रायफल न घेताच दर महिन्याला सव्वा हजार कमी पडतात, ते क्रेडिट कार्डवर चढतायत आणि दिवाळीच्या बोनसमधून भरले जातायत, ते पण तुम्हीच लिहिलंय, फक्त जोडून बघितलं नाही. पॉलिसी थांबवली आणि टर्म घेतली की हेच साडेचार हजाराने प्लस होतं. छंद सोडायची गरज नाही, तो पुरेपूर करा. हे मी मनापासून सांगतोय, बापलेक एका लेनवर शेजारी उभे राहतायत ही साधी गोष्ट नाही.

पण रायफल आत्ता नको, नवी पण नको आणि जुनी पण नको. एक म्हणजे एकच रायफल दोघांना वापरायची हे जमत नाही. मॅच रायफलचा बट, गालाची पट्टी सगळं एका माणसाच्या अंगाला बसवलेलं असतं, मुलीचा सराव झाल्यावर तुम्ही तुमच्या मापाला फिरवणार आणि परत तिच्या, दोघांची पोझिशन रोज बिघडणार. वजन वेगळंच, मोठ्यांची रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते आणि बऱ्याच चार-साडेचारच्या असतात, १२ वर्षांच्या मुलीच्या पाठीला ती आत्ता देऊ नका. जॅकेट-पँटचं पण तेच, मापाचं शिवून घेतलं की दीड वर्षांत लहान होतं, क्लबमध्ये मोठ्या मुलींचं वापरलेलं मिळतं ते घ्या. आणि होल्डिंग, ड्राय प्रॅक्टिस, भिंतीवर ठिपका लावून नुसतं रोखून उभं राहणं, याला पेलेट पण लागत नाही, चांगले कोच नव्यांना तेच खूप करायला लावतात.

सिनिअरच्या रायफलबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कधी जुनी घ्याल तेव्हा उपयोगी पडेल. रायफलच्या बॅरलखालचं हवेचं सिलिंडर उलटंपालटं करून त्यावर कोरलेली तारीख वाचा. मोठ्या कंपन्या सिलिंडरला साधारण १० वर्षांचं आयुष्य देतात आणि मुदत संपलेलं सिलिंडर मॅचला चालत नाही, ती जबाबदारी शूटरची असते. २०० बार हवा गालापासून वीतभर अंतरावर असते, इथे तडजोड नाही. मुदत संपत आली असेल तर नव्या सिलिंडरचे पैसे भावातून कमी करा. बाकी ०.१७७ इंच बोअरच्या आणि २० जूल ताकदीच्या आतल्या एअर रायफलला आपल्याकडे लायसन लागत नाही, पण बिल आणि सिरियल नंबर तुमच्या नावावर पाहिजेच.

शेवटी पत्रातला तो भाग जो तुम्ही सहज लिहून गेलात, "तीन वर्षांत नॅशनल, मग स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी, म्हणजे पैसे वसूल." दादा, हे मुलीच्या खांद्यावर टाकू नका. राज्याच्या नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण नुसतं नॅशनलला जाऊन ते मिळत नाही, पदक लागतं. स्वप्नील कुसाळेचं नाव तुम्ही घेतलंत, राधानगरीकडचा हा मुलगा २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि पदक आलं २०२४ ला, पंधरा वर्षं. ते पण ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये, ०.२२ ची बंदूक, तिला लायसन, तिचा दारूगोळा, तो खर्चच वेगळा. आणि एअर रायफलचंच उदाहरण घ्यायचं तर ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील, २०२२ ला कैरोत १० मीटरचा वर्ल्ड चॅम्पियन, देशाला पॅरिसचा कोटा, म्हणजे एका शूटरची जागा, त्यानेच मिळवून दिला, आणि ट्रायल्समध्ये मागे राहिल्यामुळे पॅरिसला तो गेला नाही. इतका टोकाचा खेळ आहे हा. तिला आवडतंय म्हणून खेळू दे. क्लबच्या रायफलवर एक वर्ष, जमलं तर ओपन साइटच्या, म्हणजे साध्या उघड्या माशीने नेम धरायच्या, स्पर्धेत उतरू दे, त्याला भारतीय बनावटीची साधी रायफल पुरते, पीप साइटचं, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायच्या मॅच रायफलचं, पुढचं पुढे.

बचत खात्यात तुमचे १ लाख २० हजार आहेत, महिन्याचा खर्च हप्ता धरून ७१ हजार, म्हणजे दोन महिने पण निघत नाहीत. आधी हे ४ लाखावर न्या, येणारे साडेचार हजार आणि पुढचे बोनस तिकडेच. तिथे पोचलात की तोपर्यंत मुलीचं माप पण स्थिर झालेलं असेल, मग रायफल घ्या, रोख पैशाने.

या आठवड्यात टर्मचा फॉर्म भरा, मेडिकल होऊन पॉलिसी हातात येईपर्यंत जुनी बंद करू नका, कमी असलं तरी ते १० लाखाचं कव्हर तेवढे दिवस पाहिजे. आणि विमा कंपनीला ईमेल टाका, आजची सरेंडर व्हॅल्यू किती, फेब्रुवारीचा हप्ता भरला नाही तर पेड-अप करून २०४३ ला नक्की किती मिळतील, आणि पेड-अप झाल्यावर कव्हर किती उरतं. तिन्ही आकडे लेखी आले की मला परत लिहा, कारण पेड-अपचा आकडा साडेतीन लाखाच्या खाली निघाला तर मी सरेंडर करायला सांगेन.