आई-वडील दारूला शिवत नाहीत, तरी त्यांना आयर्लंडमधलं व्हिस्की हेरिटेज सेंटर दाखवायला न्यावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई-वडील पहिल्यांदाच आयर्लंडला येताहेत, तुम्हाला व्हिस्कीचा एखादा जुना कारखाना बघायचा आहे, पण ते दोघं दारूला शिवत नाहीत. मग त्यांना सोबत न्यावं का, आणि न्यायचंच तर डब्लिनच्या बो स्ट्रीटला की कॉर्कजवळच्या मिडल्टनला?

जरूर न्या, आणि मिडल्टनलाच न्या.

मी कॉर्कमध्ये राहते. बाबा इथे आले तेव्हा मीही याच विचारात होते, आणि माझी अडचण तुमच्यापेक्षा अवघड होती, कारण बाबा माळकरी आहेत. गळ्यात तुळशीची माळ आणि आयुष्यभराची नोकरी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात, फिटर म्हणून. मी चाचरतच विचारलं. ते म्हणाले, "कारखाना बघायला कसली आडकाठी? मी काय प्यायला चाललोय?" खरं तर त्यांच्या कारखान्याच्या आवारातही डिस्टिलरी होती. मळीचा वास घेतच आम्ही लहानाचे मोठे झालो.

डब्लिनचं आधी सांगून टाकते. बो स्ट्रीटला १७८० सालापासूनचा इतिहास आहे, 'जेमसन' व्हिस्कीचे जॉन जेमसन यांचा कारखाना याच गल्लीतला. पण तिथला कारखाना १९७१ साली बंद झाला आणि आज तिथे दिसतो तो सुरेख मांडलेला कार्यक्रम. गोष्ट छान सांगतात, दिवेही छान आहेत. पण कारखाना बघायचाय म्हणणाऱ्या माणसाचं तेवढ्यावर समाधान होणार नाही. मिडल्टनला जुना कारखानाच उभा आहे, काम थांबलेलं असलं तरी. दगडी इमारती, धान्याची कोठारं, भट्टी, चिमणी, सगळं जागच्या जागी.

मुळात ती वास्तू व्हिस्कीसाठी बांधलेलीच नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथे लोकरीची गिरणी होती. पुढे नेपोलियनच्या लढायांच्या काळात तिथे सैन्य राहिलं. १८२५ साली मर्फी नावाच्या तीन भावांनी ती जागा घेतली आणि व्हिस्की गाळायला सुरुवात केली. शेजारून डनगॉर्नी नावाची छोटी नदी वाहते आणि तिच्या पाण्यावर फिरणारं बिडाचं चाक अजून तिथे आहे. १८५२ सालचं, २२ फूट व्यासाचं. बाबा तिथे थांबले ते थांबलेच. गाईड पुढे गेली, सोबतचे लोक पुढे गेले, आणि बाबा वाकून चाकाचा आस कुठे बसतो, दात कुठल्या दातांत जातात, ते बोटाने हवेत रेघा ओढत मला समजावत होते. पाणी कमी पडलं तर काय करत असतील, हा त्यांचा प्रश्न. उत्तर पुढच्याच दालनात होतं: १८३० च्या दशकातलं, मँचेस्टरहून आणलेलं वाफेचं इंजिन. नदीला पाणी असेल तर चाक, नसेल तर वाफ. हे ऐकून ते इतके खूश झाले की गाईडने आमच्यासाठी पुन्हा मागे येऊन तोच भाग सावकाश सांगितला.

आणि मग ते तांब्याचं भांडं. पॉट स्टिल म्हणतात त्याला. मिडल्टनचं हे भांडं जगातलं सर्वांत मोठं मानलं जातं. १ लाख ४० हजार लिटरहून जास्त त्यात मावतं. आकडा ऐकून काही कळत नाही, म्हणून असं बघा: उन्हाळ्यात आपल्याकडे गावोगाव फिरणारा पाण्याचा टँकर साधारण १० हजार लिटरचा असतो. असे चौदा टँकर एका भांड्यात. त्याच्यासमोर उभं राहून बाबा म्हणाले, "हा तर बंब आहे." आणि खरंच, आजीच्या न्हाणीघरातला तांब्याचा बंब कुणी घराएवढा केला आणि वर हंसासारखी वाकडी मान लावली, तर हुबेहूब असाच दिसेल.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते ती सांगते, कारण ती माहीत असेल तर तुम्हालाही तिथे जास्त दिसेल. या भांड्यात माल एकदा भरायचा, तापवायचा, वाफ थंड करून अर्क काढायचा, भांडं रिकामं करायचं, पुन्हा भरायचं. आयर्लंडमध्ये बहुतेक ठिकाणी हे तीनदा करतात. तिसऱ्या वेळी निघणाऱ्या अर्कात अल्कोहोल ८० टक्क्यांच्या वर असतं. काम वेळखाऊ, इंधन भरपूर लागतं. एनियस कॉफी नावाचे आयर्लंडमधलेच एक बडे अबकारी अधिकारी होते. त्यांनी १८३० साली उंच स्तंभासारख्या यंत्राचं पेटंट घेतलं: एका बाजूने आंबवलेला द्रव सोडा, दुसरीकडून वाफ, आणि अर्क न थांबता निघत राहतो. डब्लिनच्या मोठ्या व्हिस्कीवाल्यांनी ते नाकारलं. असल्या यंत्राच्या अर्काला चव नाही, ती व्हिस्कीच नव्हे, असं त्यांचं म्हणणं. स्कॉटलंडने मात्र ते उचललं, मिश्र व्हिस्की स्वस्तात बनवली आणि जग जिंकलं. पुढे अमेरिकेतली दारूबंदी, ब्रिटनशी व्यापारातलं भांडण, एकामागून एक फटके बसत गेले. १९६६ साली उरलेल्या मोठ्या कंपन्या एकत्र आल्या, आणि १९७० चं दशक संपेपर्यंत अख्ख्या बेटावर व्हिस्की गाळणारी दोनच ठिकाणं उरली: दक्षिणेला मिडल्टन आणि उत्तरेला बुशमिल्स.

हे मी बाबांना मराठीत सांगत होते तेव्हा ते मध्येच म्हणाले, "म्हणजे आपल्या डिस्टिलरीतले कॉलम?" हो, तेच कूळ. आपल्याकडे साखर कारखान्याच्या आवारात चिमणीच्या बाजूला जे उंच कॉलम दिसतात, मळीपासून स्पिरिट काढणारे, त्यांचा पूर्वज म्हणजे या आयरिश माणसाचं यंत्र. शब्दसुद्धा तोच: आंबवलेल्या द्रवाला इथेही 'वॉश' म्हणतात आणि सांगलीकडेही 'वॉश'च. बाबा कितीतरी वर्षं ज्या कॉलमच्या सावलीत वावरले, त्याच्या जन्माची हकीकत त्यांना इथे कळली. (आज मिडल्टनमध्येही कॉलम आहेत, नेहमीच्या जेमसनमध्ये तांब्याच्या भांड्याचा आणि कॉलमचा असा दोन्ही अर्क मिसळलेला असतो.)

आईला कदाचित धान्याचा भाग आवडेल. बार्ली भिजवून तिला मोड आणायचे, मटकीला आणतो तसेच, आणि मग भट्टीत वाळवायची. स्कॉटलंडमध्ये पुष्कळ ठिकाणी पीटचा, म्हणजे दलदलीतून काढून वाळवलेल्या मातीसारख्या जळणाचा, धूर देतात, इथे सहसा देत नाहीत, म्हणून आयरिश व्हिस्कीला बहुधा धुराचा वास नसतो. गंमत अशी की इथे मोडाच्या बार्लीत बिनमोडाची कच्ची बार्लीही मिसळतात. १७८५ साली मोड आणलेल्या धान्यावर कर लागला, तो वाचवायला ही रीत पसरली आणि तिनेच आयरिश पॉट स्टिल व्हिस्कीला तिची दाट, किंचित तिखट चव दिली. कर केव्हाच गेला, चव राहिली.

पिंपांच्या गोदामात गेलात की भिंतीकडे बघा. बाबांनी आधी बाहेरच्या भिंतींवरचा काळा थर पाहिला आणि कोळशाचा धूर का म्हणून विचारलं. तो धूर नाही, बुरशी आहे. लाकडी पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते आणि त्या वाफेवर ही बुरशी वाढते. उडून गेलेल्या भागाला इथे देवदूतांचा वाटा म्हणतात. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉन ही सिंगल माल्ट बनते, तिथल्या उष्म्यात हा वाटा कितीतरी मोठा असतो, आणि म्हणून तिथली व्हिस्की कमी वर्षांत मुरते. आयर्लंडमध्ये कायद्याने निदान तीन वर्षं लाकडात ठेवावीच लागते. पिंपं बरीचशी अमेरिकेतून येतात, कारण तिकडे बर्बन या त्यांच्या व्हिस्कीसाठी दर खेपेला नवंकोरं पिंप लागतं आणि वापरलेली विकावी लागतात.

आवारात एक घर आहे, मुख्य डिस्टिलरच्या कुटुंबाचं. मॅक्स क्रॉकेट तिथे राहायचे. त्यांचा मुलगा बॅरी त्याच घरात जन्मला आणि पुढे स्वतः मिडल्टनचा मास्टर डिस्टिलर झाला. कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या कुणालाही हे घर बघून काहीतरी होतं. मला झालं. भोंग्यावर दिवस चालणारी घरं मी ओळखते.

निघताना बाबांनी गाईडला माझ्यामार्फत एकच प्रश्न विचारला: "हे बंद झालं तेव्हा इथल्या कामगारांचं काय झालं?" तिने खिडकीतून मागे दिसणाऱ्या मोठ्या कारखान्याकडे बोट दाखवलं. १९७५ साली जुन्या वास्तूतलं काम थांबलं ते शेजारी नवा कारखाना उभा राहिला म्हणून. काम तिकडे गेलं. जुनी वास्तू १९९२ पासून लोकांसाठी खुली झाली. बाबांनी दोनदा मान हलवली आणि म्हणाले, "मग ठीक आहे." आमच्या भागात बंद पडलेले कारखाने कसे दिसतात हे त्यांना ठाऊक आहे.

शेवटी चव देतात. घेतलीच पाहिजे असं काही नाही. बाबांसाठी मी आधीच सांगून ठेवलं होतं, त्यांना साधं पेय मिळालं आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलंही नाही. बुकिंग करतानाच तसं कळवा.

जायचं कसं: डब्लिनच्या ह्यूस्टन स्टेशनवरून कॉर्कला रेल्वेने अडीच तासांच्या थोडं वर लागतात. कॉर्कच्या केंट स्टेशनवरूनच मिडल्टनची लोकल मिळते, २५ मिनिटांची. ही लाइन कितीतरी वर्षं बंद होती, २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली. स्टेशनवरून कारखाना चालत पंधरा-वीस मिनिटं. आईचे गुडघे दुखत असतील तर टॅक्सी करा, कारण आत सव्वा तासाच्या आसपास उभं राहणं आणि दगडी फरशीवर चालणं आहे. स्वेटर हवाच, गोदामात उन्हाळ्यातही गारवा असतो. गाडी स्वतः चालवणार असाल तर चव घेऊ नका, इथले नियम कडक आहेत. भारतात परत नेण्यासाठी माणशी दोन लिटरपर्यंत दारू करमुक्त चालते.

जमलं तर शनिवार धरा. सकाळी मिडल्टनला शेतकऱ्यांचा बाजार भरतो; चीज, पाव, बटाटे, मध, सगळं पिकवणाऱ्याच्या नाहीतर बनवणाऱ्याच्या हातून मिळतं. आधी बाजार, मग कारखाना. परतताना ग्लाउनथॉनला गाडी बदलून कोव्ह गाठता येतं. टायटॅनिकने १९१२ साली शेवटचे प्रवासी तिथूनच घेतले होते, आणि बंदरावर बसायला भरपूर बाकं आहेत. बाबा तिथे संध्याकाळपर्यंत बसले होते, वहीत चाकाचं चित्र काढत.