तिसरीचा निकाल घसरला, की नुसता हलला?
वाचकांचे प्रश्न : प्राथमिक शाळेतल्या प्रमाणित चाचण्या

प्रश्न : आमच्याकडे तिसरीची एकच तुकडी आहे, पट २५. गणिताच्या प्रमाणित चाचणीत अपेक्षित पातळी गाठणारी मुलं गेल्या वर्षी ६८ टक्के होती, यंदा ५६ टक्के. व्यवस्थापनाने लेखी खुलासा मागवला आहे. काय लिहावं?
— एक मुख्याध्यापिका

उत्तर : आधी टक्के बाजूला ठेवून डोकी मोजा. २५ पैकी १७ च्या जागी १४, म्हणजे फरक तीन मुलांचा. एवढ्या लहान तुकडीत एक मूल म्हणजे चार टक्के. शिकवणं तसंच राहिलं, तरी निव्वळ कोणती मुलं त्या वर्षी तिसरीत आली यावर हा आकडा दहाएक टक्के खाली-वर होतो. दोन वर्षांची वजाबाकी करताना दोन्हीकडची अनिश्चितता एकत्र येते आणि ती १४ टक्क्यांच्या आसपास जाते. तुमचे १२ टक्के त्याच्या आतच आहेत.

शिवाय गेल्या वर्षीची तिसरी आणि यंदाची तिसरी ही वेगळी मुलं आहेत. त्यामुळे खुलाशात तीन गोष्टी द्या. पहिली, सलग तीन वर्षांचा एकत्र निकाल. ७५ मुलांवर हाच चढउतार सहाएक टक्क्यांवर येतो. दुसरी, याच मुलांचा दुसरीतला निकाल, पण दोन्ही वर्षं तुमच्याच शाळेत असलेल्यांचा. तिसरी, सीमारेषेलगतची मुलं किती. चाचणीच्या माहितीपुस्तिकेत ‘मापनाची प्रमाण त्रुटी’ दिलेली असते, म्हणजे मुलाची तयारी तीच असतानाही गुण साधारण किती खाली-वर होऊ शकतात ते. गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप) १५ आणि विश्वसनीयता (चाचणी पुन्हा घेतली तर निकाल कितपत तसाच येईल, ० ते १ मध्ये) ०.९१ असेल, तर ही त्रुटी ४.५ गुण येते. सीमारेषा १०० वर असेल, तर ९६ ते १०४ मधल्या मुलांना खात्रीने ‘आत’ किंवा ‘बाहेर’ म्हणता येत नाही. अशी पाच-सहा मुलं निघाली, तर टक्केवारीपेक्षा वर्गाची सरासरी द्या, ती एवढी उड्या मारत नाही.

मात्र तीन वर्षं सलग उतरण असेल, किंवा तिसरी, चौथी आणि पाचवी तिन्हीकडे एकच घटक पडत असेल, तर लहान पटाची सबब सांगू नका. ती घसरण खरी आहे.

प्रश्न : वर्गातली मुलं फळ्यावरची उदाहरणं झटपट सोडवतात, पण चाचणीत गणिताचे गुण कमी पडतात. पुढच्या चाचणीला आठ आठवडे आहेत. रोज एक सराव प्रश्नपत्रिका द्यावी का?
— चौथीचे वर्गशिक्षक

उत्तर : रोज नको. दोन पुरेत : एक वेळेचं बंधन न घालता, प्रश्नांचं रूप कळावं म्हणून, आणि एक घड्याळ लावून. मागच्या उत्तरपत्रिका परत मिळाल्या असतील, तर खरा ऐवज त्यात आहे.

एक मोठा तक्ता आखा. आडव्या ओळीत मुलं, उभ्या रकान्यात प्रश्न. चौकटीत बरोबर-चूक अशी खूण करू नका, मुलाने निवडलेला पर्याय लिहा. समजा प्रश्न आहे ५२ − २७ आणि पर्याय आहेत २५, ३५, ७९, २४. निम्म्या वर्गाने ३५ निवडलं असेल, तर ती मुलं प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा करताहेत. दशक सुटा करणं त्यांना उमगलेलं नाही. ७९ वाल्यांनी चिन्हच पाहिलेलं नाही. चुका तिन्ही पर्यायांत सारख्या विखुरल्या असतील, तर तो अंदाजपंचे कारभार. (चार पर्यायांच्या ४० प्रश्नांत डोळे मिटून ठोकले तरी सरासरी १० बरोबर येतात, हे ध्यानात ठेवा. त्या घरातल्या गुणांवरून मुलाला काय येतं ते कळत नाही.) एरवी पुढे असणारी मुलंच एखाद्या प्रश्नात अडली असतील, तर तो घटक शिकवायचा राहिलाय का, ते पाहा. शेवटचे सहा-सात प्रश्न अनेकांचे कोरे असतील, तर अडचण वेळेची. आणि एखाद्या मुलाची एका प्रश्नापासून पुढची सगळी उत्तरं एक घर सरकलेली दिसली, तर त्याने प्रश्न सोडला पण वर्तुळांची ओळ सोडली नाही. हे फार वेळा घडतं आणि कुणी तपासत नाही.

आता शाब्दिक उदाहरणं. तुमच्या वर्णनावरून आमचा संशय इथेच आहे. चुकलेली पाच उदाहरणं घेऊन मुलाला एकट्याने बसवा. आधी त्याला मोठ्याने वाचू द्या आणि सोडवू द्या. जमलं नाही तर तुम्ही वाचून दाखवा. तरीही अडलं तर नुसती आकडेमोड लिहून द्या. तुम्ही वाचल्यावर सुटलं, तर उणीव वाचनात आहे आणि गणिताचा जादा तास वाया जाईल. मांडून दिल्यावरच सुटलं, तर प्रसंगातून क्रिया निवडणं जमत नाही.

हे दुसरं दुखणं बहुधा आपणच लावलेलं असतं. ‘जास्त दिसलं की बेरीज’ असं शिकवलेलं मूल पुढच्या उदाहरणात हमखास फसतं : ‘निळे मणी १२ आहेत. ते लाल मण्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. लाल मणी किती?’ उत्तर येतं १७. खुणेचे शब्द सोडा. एकाखाली एक दोन पट्ट्या काढायला लावा, आधी कोणती लांब ते ठरवू द्या, मग आकडे भरू द्या. सारखी चूक करणाऱ्या चार-पाच मुलांचा गट, २० मिनिटं, आठवड्यातून तीन-चार दिवस. दोन आठवड्यांनी आकडे आणि प्रसंग बदलून पाच नवी उदाहरणं द्या. चार सुटली तर गट मोडा आणि पुढची चूक धरा.

प्रश्न : मुलीला वाचनात गेल्या वर्षी ७० पर्सेंटाइल होतं, यंदा ६२. म्हणजे आठ टक्के गुण कमी झाले का?
— एक पालक

उत्तर : नाही. ६२ पर्सेंटाइल म्हणजे संदर्भ गटातल्या (ज्या मुलांच्या गुणांशी तुलना केली जाते त्या गटातल्या) तिच्या इयत्तेच्या १०० मुलांपैकी साधारण ६२ तिच्या मागे. मध्यावर मुलांची दाटी असते, म्हणून तिथे दोन-चार गुणांतही बरीच मुलं पुढे-मागे होतात. सरासरी १००, विचलन १५ अशा मोजपट्टीवर ७० ते ६२ हा फरक जेमतेम तीन गुणांचा. टोकाला मात्र ९० ते ९८ हेच आठ अंक साडेअकरा गुणांएवढे असतात. तिला एक अनोळखी उतारा वाचायला द्या आणि काय घडलं, का घडलं ते विचारा. नीट सांगत असेल तर निर्धास्त राहा.

प्रश्न : एका शाळेच्या पत्रकात ‘आमचे सर्व वर्ग सरासरीच्या वर’ असं छापलंय. विश्वास ठेवावा का?
— एक पालक

उत्तर : असू शकतं, पण १९८७ साली जॉन कॅनेल या अमेरिकी डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं की, तिथलं प्रत्येक राज्य आपली प्राथमिक मुलं राष्ट्रीय सरासरीच्या वर असल्याचं सांगत होतं. संदर्भ गटाचे आकडे जुने होते आणि तीच प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं वापरात होती. शाळेला दोनच गोष्टी विचारा : सरासरी कोणत्या वर्षाच्या संदर्भ गटाची, आणि प्रश्नपत्रिका दरवर्षी बदलते का. चाचणीला किती मुलं बसली तो आकडाही मागा आणि पटाशी ताडून पाहा. कच्ची मुलं नेमकी त्याच दिवशी गैरहजर असतील, तर सरासरी आपोआप चढते.