कांजिण्यांची खाज: लेकराला आराम कसा द्यायचा

ताई, आधी एक गोष्ट: ‘माता आली’ म्हणून अंघोळ बंद करू नका. नागपूरच्या उन्हाळ्यात घाम साचला की खाज आणखी वाढते. बादलीभर कोमट पाण्यात अर्धी वाटी साध्या ओट्सची बारीक पूड ढवळा, दहा मिनिटं अंगावर हळूहळू ओता. साबण नको. टॉवेलने घासायचं नाही, टिपायचं. मग कॅलामाइनची (खाज शमवणाऱ्या लोशनची) बाटली नीट हलवून कापसाने फोडांवर लावा. डोळे, तोंड आणि फुटलेले फोड सोडून. कूलर चालू ठेवा, सैल सुती झबलं घाला.

नखं आजच कापा, रात्री हातात सुती मोजे घाला. खाजवून फोड फुटला की जंतू शिरू शकतात, व्रण कायमचा राहू शकतो. झोप येत नसेल तर खाजेचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार घ्या.

तापाला फक्त पॅरासिटामॉल, तेही वजनाप्रमाणे. अ‍ॅस्पिरिन कधीच नाही, त्याने यकृत आणि मेंदूला धोका होतो. आयबुप्रोफेनही टाळा.

फोडाभोवती लाली पसरली, सूज आली, श्वास लागला किंवा लेकरू सुस्त पडलं, तर लगेच दवाखाना गाठा. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत गरोदर बाई आणि तान्ह्या बाळांपासून दूर ठेवा.