शेडमधले उंदीर: आधी भोकं बुजवा, पिंजरा नंतर

नवीन शेड बांधलीत, छान. आता औषधाच्या दुकानात धावू नका. आधी दुपारी शेडमध्ये जाऊन दार लावा, दिवा बंद करा आणि उजेड कुठून येतो ते बघा. तीच उंदरांची वाट. पेन्सिल जाईल एवढी फट चिचुंद्रीला नाही, पण छोट्या उंदराला पुरते.

फटीत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वर सिमेंट लिंपा. नुसता फोम किंवा कापडाचा बोळा दोन रात्रींत कुरतडला जातो (मी तो मूर्खपणा केलाय). दाराखाली रबर नको, पत्र्याची पट्टी मारा.

मग खाणं. कोंबडीचं खाद्य, पेंड, बियाणं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात. पोतं कधीच नको.

सुरुवातीच्या नेहमीच्या चुका:
- पिंजरा मधोमध ठेवणं. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, तिथेच ठेवा. आत भजं. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून दोन-तीन दिवस पिंजऱ्याचं दार उघडं बांधून ठेवा.
- विष टाकणं. उंदीर सामानामागे मरतो आणि आठवडाभर वास. शिवाय तो घुबडाने किंवा मांजराने खाल्ला तर त्यांनाही बाधतं.
- लेंड्या कोरड्याच झाडणं. पाण्यात ब्लीच घालून भिजवा, हातमोजे घाला. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा आजार) उंदराच्या मुतातून पसरतो, पावसाळ्यात जास्तच.

घुशीचं बीळ दिसलं तर सांगा, तिचं प्रकरण वेगळं आहे. तूर्तास फटी शोधा.