पाय मागून घ्या, ओढून नको

प्रश्न : आमची चार वर्षांची घोडी पुढचे पाय मुकाट देते, पण मागचा पाय उचलला की झटका मारून सोडवून घेते. नालबंद म्हणतात, दोरानं बांधून एकदाचं उरकू. बांधावं का?

बांधू नका. पळून जाणं हाच घोड्याचा बचाव, त्यामुळे पाय अडकला की त्याला जीव अडकल्यासारखं वाटतं. बांधलेल्या पायाशी झगडताना घोडी पडू शकते, सांधा दुखावू शकतो, आणि पुढच्या खेपेला तुमचा हात पायाकडे वळायच्या आतच ती लाथ उगारेल. नाल बसवणं अगदीच थांबण्यासारखं नसेल, तर पशुवैद्यांकडून गुंगीचं इंजेक्शन देऊन तेवढं काम करून घ्या आणि शिकवणं वेगळं, सावकाश चालू ठेवा.

आधी तो झटका ओळखा. घोड्याच्या मागच्या पायाचे वरचा आणि मधला हे दोन सांधे असे जोडलेले असतात की एक वाकला की दुसरा वाकतोच. म्हणून पाय जमिनीवरून सुटताच पोटाकडे आखडतो. ही लाथ नव्हे. पण आपण दचकून पाय सोडतो, आणि घोडी शिकते की झटका दिला की सुटका होते. त्या क्षणी पाय घट्ट आवळायचाही नाही आणि टाकायचाही नाही. हात सैल ठेवून पायाबरोबर जाऊ द्या. स्नायू ढिला पडला की लगेच, स्वतःहून, पाय हळूच जमिनीवर टेकवा. सगळं शिक्षण या एका क्षणावर उभं आहे.

जागा सपाट आणि न घसरणारी हवी. घोडी खुंटीला बांधू नका. माहितगार माणसाच्या हातात मोरकीचा (तोंडावरच्या मुसक्याचा) दोर द्या आणि त्याला तुमच्याच बाजूला उभं करा. घोडी बिथरली तर तो डोकं आपल्याकडे ओढतो आणि पुठ्ठा (मागचा भाग) तुमच्यापासून दूर जातो. तो पलीकडे उभा असेल तर नेमकं उलटं होतं.

तुम्ही शेपटीकडे तोंड करून, अंगाला लागून उभे राहा. खाली बसू नका. एक हात पुठ्ठ्यावर ठेवा, स्नायू ताठला की तो आधी इथंच कळतो. दुसरा हात मांडीवरून खाली सरकवा. घोडी मांडीपाशीच ताठली तर हात तिथंच थांबवा आणि ती निवली की काढा. लाथ मारणाऱ्या घोड्यासाठी हाताऐवजी मीटरभर काठी घ्या, टोकाला कापूस भरलेला हातमोजा बांधा.

हात खुरापर्यंत गेलेला घोडीला चालू लागला की पाय उचला, पण फक्त टाच सुटेल इतकाच. एक सेकंद, मग तीन, पाच, दहा. दहाला झटका आला तर पुन्हा पाचवर या. दिवसातून दोनदा, पाच-सात मिनिटं पुरेत. गाजराचा तुकडा पाय हातात असतानाच सोबत्यानं द्यावा. पाय टेकल्यावर दिला तर बक्षीस पाय टेकल्याचं ठरतं. खाऊमुळे उतावीळ होणाऱ्या घोडीला आयाळ संपते तिथला उंचवटा खाजवून द्या. घोडे एकमेकांना तिथंच खाजवतात.

तीस सेकंद जमले की नालबंदाच्या कामाची तालीम सुरू करा : तळव्यावर तळहातानं थापट्या, मग आकडीच्या (खूर साफ करायच्या हुकाच्या) मुठीनं, मग हलक्या हातोडीनं. खुराच्या कडेवर कानस दोन-तीनदाच फिरवा. पाय बाजूला ताणू नका. मागे, सरळ रेषेत न्या.

प्रश्न : सतरा वर्षांचा आमचा घोडा आजवर शांत होता. महिनाभर डावा पुढचा पाय देतच नाही. हट्टी झालाय का?

हट्ट समजू नका, दुखणं शोधा. आणि ते आधी उजव्या पायात शोधा, कारण डावा उचलला की तिकडचा भार उजव्यावर येतो. मुळात शरीराचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. दोन्ही खूर हातानं चाचपून कोणता जास्त गरम लागतो ते बघा. खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही बाजूंना बोटं ठेवून नाडी बघा. निरोगी पायात ती जेमतेम लागते, ठणठण उडत असेल तर खुरात दाह किंवा पू असू शकतो. पुढचे पाय पुढे टाकून घोडा मागे रेलत असेल, तर त्याला चालवू नका, त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा.

तपासणीत फक्त म्हातारपणाची सांधेदुखी निघाली, तर पाय खालीच धरा, पंधरा-वीस सेकंदांनी टेकवा, पायांखाली रबरी चटई घाला. नालबंदांना हे आधीच सांगा. अशा घोड्याचे चारही पाय एका दमात होत नाहीत, काम दोन दिवसांत वाटून करा.

प्रश्न : पाय दिला की घोडा सगळा भार अंगावर टाकतो.

तुम्ही खांब झालात की तो टेकतो. रेलायला लागला की पाय थोडा खाली न्या, तोल त्यालाच सांभाळू द्या. उचलण्याआधी तो चारही पायांवर नीट उभा आहे ना ते बघा. पाय फार वर किंवा बाहेर धरला तरी तोल जातो. खूर महिन्याला 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, नालबंद सहा-आठ आठवड्यांनी येतात. मधल्या काळात रोज आकडीनं खूर साफ करताना हाच सराव करा, आणि तो रेलायच्या आत पाय परत द्या.