वाचकांचे प्रश्न : माथ्यावर झाडे का नाहीत?

प्रश्न : केरळमधील एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात घळींमध्ये दाट जंगल असूनही डोंगरमाथे मात्र उघडे दिसले. तेथे वृक्षतोड झाली आहे काय? असल्यास वृक्षारोपण का होत नाही?

उत्तर : ते माथे उजाड नाहीत, गवताळ आहेत, आणि हा फरक साधा नाही. सुमारे 2000 मीटरच्या वर हिवाळी रात्री उघड्या उतारांवर दव गोठते. त्यात झाडांची कोवळी रोपे करपतात, गवताचे बुंधे मात्र जमिनीलगत तग धरतात आणि पुन्हा फुटतात. त्यामुळेच ‘शोला’ म्हणून ओळखले जाणारे ठेंगणे जंगल आडोशाच्या, ओलसर घळींतच टिकते. 1978 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या या 97 चौरस किलोमीटरच्या क्षेत्रात निलगिरी ताहर ही रानटी बकरी याच गवतावर चरते, आणि 12 वर्षांनी एकदा फुलणारी नीलकुरिंजी ही झुडुपवजा वनस्पती, जी 2018 मध्ये फुलली होती, तीही याच उतारांवर वाढते. वृक्षारोपणाचे म्हणाल, तर शेजारच्या निलगिरी पर्वतात तो प्रयोग पूर्वीच होऊन बसला आहे : तेथे हौसेने लावलेल्या ऑस्ट्रेलियन वॅटलने (बाभळीच्या कुळातील झाड) कुरणेच्या कुरणे गिळली असून, आता ही झाडे उपटण्याचे काम करावे लागत आहे.